सुऱ्या व कट्यारींचे गंजापासून संरक्षण

सुऱ्या व कट्यारींचे गंजापासून संरक्षण म्हणजे लोखंडाची किंवा पोलादाची पाती असलेल्या सुऱ्या, चाकू, कट्यारी, खंजीर, बिचवे, कुकऱ्या इत्यादी वस्तूंचा संग्रह दीर्घकाळ साठवताना त्यांच्या धातूचे क्षरण होऊ नये यासाठी करावयाची व्यवस्था होय. पात्याची स्वच्छता, त्यावरील संरक्षक लेप, पेटी व म्यान यांची निवड आणि साठवणीच्या जागेतील हवेच्या आर्द्रतेचे नियंत्रण या बाबींचा तिच्यात समावेश होतो. गंजाने खाल्लेला धातू परत मिळत नाही. गंज ‘काढला’ असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात पात्याचा तेवढा भाग घासून टाकलेला असतो. जुन्या पात्यावर कारागिराची मुद्रा, अक्षरे किंवा पोलादाची मूळ नक्षी असेल तर तीही त्या घासण्यात जाते. म्हणून या विषयात उपचारापेक्षा प्रतिबंधाला महत्त्व आहे.

महाराष्ट्र व गोव्यात हा प्रश्न विशेष तीव्र आहे. कोकणपट्टीत पावसाळ्याच्या भरात हवेची सापेक्ष आर्द्रता अनेक आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कणही येतात. देशावर पावसाळा तुलनेने सौम्य असला, तरी उन्हाळ्यातील कोरडी हवा आणि श्रावणातील ओलसर हवा यांतील मोठा फरक मुठी व म्यानांना त्रासदायक ठरतो.

गंज चढण्याची क्रिया

लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन ही तिन्ही एकत्र आल्याशिवाय नेहमीचा गंज चढत नाही. ही क्रिया विद्युत-रासायनिक आहे. पात्यावर पाण्याचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसला की पृष्ठभागाचा काही भाग धनाग्राप्रमाणे वागतो आणि तेथील लोह विरघळू लागते; शेजारचा भाग ऋणाग्राप्रमाणे वागतो आणि तेथे ऑक्सिजनची अभिक्रिया होते. यातून शेवटी जलयुक्त लोह ऑक्साइड, म्हणजे तांबूस गंज, तयार होतो. गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर जसा धातूला चिकटून राहून त्याचे रक्षण करतो, तसे लोखंडाच्या बाबतीत घडत नाही.

स्वच्छ लोखंडावर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेल्यावर गंजण्याचा वेग स्पष्टपणे वाढतो. त्याखाली तो फारच मंद असतो. मात्र ‘स्वच्छ’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पृष्ठभागावर मीठ असेल तर ते स्वतःच हवेतून पाणी ओढून घेते आणि गंजण्याची क्रिया याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही चालू राहते. माणसाच्या घामात मीठ असते. पावसाळ्यात उघड्या हाताने पाते धरून तसेच ठेवून दिले, तर काही दिवसांत बोटांचे ठसे तांबड्या रेषांत उमटलेले दिसतात. संग्रहाला भेट देणाऱ्या पाहुण्याच्या हाती पाते देणे हा आतिथ्याचा भाग असला, तरी पाहुणे गेल्यावर ते पुसल्याशिवाय परत ठेवू नये.

दोन वेगळे धातू एकमेकांना लागून असले आणि मध्ये ओलावा असला, तर त्यांतील अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो. पितळी, तांब्याच्या, चांदीच्या किंवा सोन्याच्या जोडकामाशेजारी लोखंड नेहमी ती किंमत मोजते. कोफ्तगिरी केलेल्या, म्हणजे पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवलेल्या मुठींवर नक्षीच्या कडेनेच गंज सुरू होतो आणि आतून फुगून तार सुटते, त्याचे हे एक कारण आहे.

पोलादाचे प्रकार

जुनी भारतीय पाती आणि आजची बरीचशी हाताने घडवलेली पाती उच्च कार्बन पोलादाची असतात. अशा पोलादाला उत्तम धार येते, पण गंजाला त्याचा काहीच प्रतिकार नसतो. दक्षिण भारतात मुशीत बनवले जाणारे, जगभर ‘वूट्झ’ या नावाने प्रसिद्ध झालेले पोलाद याच वर्गातले असून त्यात कार्बनचे प्रमाण साधारणतः १ ते २ टक्के असते. त्याच्या पात्यावर दिसणारी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी घासण्याने पुसट होते. दिल्लीच्या लोहस्तंभाचे उदाहरण देऊन ‘जुने लोखंड गंजत नसे’ असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असून त्यामुळे त्यावर संरक्षक थर तयार झाला, असे धातुशास्त्रज्ञ मानतात. पात्यांच्या पोलादाला ते लागू पडत नाही. आजोबांची कट्यार जुनी आहे म्हणून सुरक्षित आहे, या समजुतीने अनेक घरांतील कट्यारी म्यानातच अडकून बसल्या आहेत.

स्टेनलेस पोलादात किमान सुमारे १०.५ टक्के क्रोमियम असते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये अशा पोलादावर केलेल्या कामानंतर सुऱ्या-काट्यांच्या उद्योगात त्याचा प्रसार झाला. क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याचे रक्षण करतो. तरीही ‘स्टेनलेस’ याचा अर्थ कधीच न गंजणारे असा नाही. कठीण धारेसाठी यातील सुऱ्यांमध्ये कार्बनही जास्त घातलेला असतो. मिठाचा संपर्क टिकून राहिला तर त्यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात, आणि ते दिसून येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

साठवणीची जागा

जागा निवडताना आर्द्रतेइतकेच तापमानाच्या चढउतारांकडे लक्ष द्यावे लागते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचे दवबिंदू तापमान सुमारे २६ अंश असते. त्यापेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर अशा हवेतील बाष्प पाण्याच्या रूपाने जमते. वातानुकूलित खोलीत रात्रभर २२ अंशांवर राहिलेले पाते सकाळी यंत्र बंद करून, खिडकी उघडून बाहेर काढले, तर त्यावर घाम आल्याप्रमाणे दव धरते. थंड पेयाच्या बाटलीवर जे घडते तेच येथे घडते, फक्त ते पुसण्याची आठवण कोणाला होत नाही. दिवसातून काही तासच चालणारे वातानुकूलन हे या दृष्टीने मुळीच नसण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. बंद पेटी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत न उघडणे हा साधा नियम पुरेसा असतो.

पत्र्याचे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळ्यात ओल आलेली भिंत कपाटाची मागची बाजू थंड व दमट ठेवते. माळा, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, स्वयंपाकघर आणि पोटमाळ्यावरील ट्रंक या जागाही टाळाव्यात. घराच्या आतल्या भिंतीलगतचे, जमिनीपासून उंच असलेले कपाट सर्वांत बरे. आत एक लहानसा आर्द्रतामापक ठेवला म्हणजे अंदाजावर विसंबावे लागत नाही.

म्यान, पेटी आणि अस्तर

म्यान हे पात्याचे घर आहे असे वाटते. दीर्घ साठवणीत मात्र ते पात्याचे शत्रू ठरते. चामड्याची म्याने हवेतील ओलावा शोषून पात्याला चिकटवून ठेवतात आणि चामडे कमावताना वापरलेली आम्ले व क्षार त्यात शिल्लक असतात. पितळी किंवा तांब्याचे भाग तेलकट चामड्याला लागले की त्यांवर हिरवा मेणचट थर येतो. लाकडावर मखमल चढवलेल्या जुन्या म्यानांत शेकडो वर्षांची धूळ आणि जुन्या तेलाचा चिकटा साचलेला असतो. त्यामुळे पाते व म्यान शेजारी-शेजारी पण वेगळी ठेवावीत आणि कोणते म्यान कोणत्या पात्याचे, हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे. संग्रह एका पिढीकडून दुसरीकडे जाताना हीच माहिती सर्वांत आधी हरवते.

जपानमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. तेथे तलवारीचे पाते साठवणीसाठी ‘शिरासाया’ नावाच्या साध्या, रोगण न लावलेल्या लाकडी म्यानात ठेवतात. हे म्यान ‘होनोकी’ या मॅग्नोलियाच्या जातीच्या मऊ लाकडाचे असते आणि भाताच्या खळीने चिकटवलेले असल्याने गरज पडल्यास उकलून आतून स्वच्छ करता येते.

पेटीचे लाकूडही विचारपूर्वक निवडावे लागते. ओकसारख्या काही लाकडांतून ॲसेटिक आम्लाची वाफ निघत राहते. नव्या प्लायवूडमधील व दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळ्यांमधील डिंकातूनही फॉर्माल्डिहाइड व तत्सम वायू बाहेर पडतात. बंद पेटीत हे वायू साचून धातूवर परिणाम करतात. लोकरीचे बनात व रबरी गाद्या यांत गंधकाची संयुगे असतात आणि त्यांनी चांदी काळवंडते. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते, पण तो कागद आम्लधर्मी असतो आणि ओलावाही धरतो. धुतलेले, खळ नसलेले सुती कापड, आम्लरहित कागद किंवा पॉलिइथिलीनचा फोम ही त्यामानाने निर्धोक अस्तरे आहेत. पाते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवल्यास आत राहिलेला ओलावा आतच अडकतो, हेही ध्यानात ठेवावे.

ओलावाशोषके

हवाबंद पेटीत सिलिका जेल ठेवणे हा आज सर्वाधिक रूढ उपाय आहे. किती सिलिका जेल लागेल याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण ते पेटीतील हवेचा विचार करतात आणि लाकडाचा विसरतात. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० लिटरच्या पेटीतील हवेत, आर्द्रता ८० टक्के असली तरी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच पाणी असते. ते काढून टाकायला चिमूटभर सिलिका जेल पुरेल. पण त्याच पेटीत एक किलो लाकूड असेल, तर पावसाळी हवेत त्याने आपल्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरलेले असते, आणि पेटीतील आर्द्रता ४० टक्क्यांवर आणताना त्यातील जवळजवळ निम्मे, म्हणजे ८० ग्रॅम पाणी, ते हळूहळू सोडू लागते. हे पाणी शोषायला सुमारे ४०० ग्रॅम सिलिका जेल लागेल. जूनमध्ये पुडी ठेवली आणि जुलैत पाहिले तर ती निकामी झालेली, या तक्रारीचे मूळ येथे आहे. पेटी, म्याने आणि अस्तर एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत मोकळी ठेवून वाळवावीत आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी पेटी बंद करावी. कोरड्या महिन्यांतील ही दोन-तीन दिवसांची मेहनत पावसाळ्यातील चार महिन्यांच्या काळजीहून अधिक उपयोगी पडते.

संपृक्त झालेले सिलिका जेल भट्टीत साधारण ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवले म्हणजे पुन्हा वापरता येते. निळे दाणे ओलावा शोषल्यावर गुलाबी होतात. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे. म्हणून असे दाणे खाद्यपदार्थांच्या भट्टीत तापवू नयेत, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि पात्याला थेट लागतील असेही ठेवू नयेत. नारिंगी रंगावरून हिरवे होणारे दाणे हा त्याला पर्याय आहे.

पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटासाठी विकले जाणारे, खाली पाणी साठणारे डबे बहुधा कॅल्शियम क्लोराइडचे असतात. त्यांत साठणारे पाणी हे क्लोराइडचे तीव्र द्रावण असते. डबा कलंडून ते पात्यांवर सांडले, तर एका रात्रीत होणारे नुकसान वर्षभराच्या दमट हवेनेही होणार नाही. पात्यांच्या कपाटात हे डबे ठेवू नयेत. सुतार हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवतात. ही जुनी रीत आजही अनेक ठिकाणी टिकून आहे. परंतु तिच्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येणार नाही. बाष्पशील क्षरणरोधक द्रव्य लावलेला कागद कारखान्यांत पोलादी भाग गुंडाळण्यासाठी वापरतात व संग्राहकही वापरू लागले आहेत. लोखंडासाठी बनवलेल्या अशा काही कागदांचा तांब्या-पितळेवर अनिष्ट परिणाम होतो, त्यामुळे पितळी मूठ असल्यास वेष्टणावरील सूचना वाचाव्यात.

संरक्षक लेप

तेल लावणे हा सर्वांत जुना उपाय. त्यात चूक होते ती तेलाच्या निवडीत. जवसाचे तेल हवेत सुकून पिवळट, चिकट पापुद्रा होते. करडई, शेंगदाणा यांची तेलेही काळांतराने घट्ट होतात. खोबरेल सुकत नाही, पण खवट झाले की त्यातील मुक्त मेदाम्ले वाढतात. फणस चिरण्याआधी विळीला खोबरेल लावणे आणि काम झाल्यावर ती धुऊन, पुसून ठेवणे ही रोजच्या वापरातील पद्धत योग्यच आहे. वर्षभर न हलवता ठेवायच्या कट्यारीला मात्र शुद्ध खनिज तेल बरे. जपानी तलवारींसाठी वापरले जाणारे ‘चोजी’ तेल हे आज बहुधा खनिज तेलात थोडे लवंगेचे तेल मिसळून केलेले असते. नवे तेल लावण्यापूर्वी जुने तेल पुसून काढण्याची तेथील शिस्त विशेष अनुकरणीय आहे. तेलाचा थर जितका पातळ तितका चांगला. पाते कोरडे दिसावे, पण बोटाला किंचित निसरडे लागावे, इतकाच.

डब्ल्यूडी-४० हे फवाऱ्याचे द्रव्य घरोघरी आढळते. त्याच्या नावातील आद्याक्षरेच पाणी हटवण्याच्या कामाची निदर्शक आहेत. भिजलेल्या पात्यावरचे पाणी हटवण्यास ते उपयुक्त आहे, परंतु त्याचा बराचसा भाग उडून जात असल्याने दीर्घ साठवणीसाठी ते पुरेसे नाही.

वस्तुसंग्रहालयांत तेलाऐवजी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा वापर अधिक होतो. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात अशा मेणाचे मिश्रण तयार करण्यात आले व पुढे ते ‘रेनेसान्स वॅक्स’ या नावाने प्रचलित झाले. मेणावर तेलाइतकी धूळ बसत नाही, ते ओघळत नाही आणि लाकूड व चामड्यालाही चालते. लावण्यापूर्वी पाते स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करावे लागते, नाहीतर मेणाखालीच गंज वाढतो. स्वयंपाकात वापरायच्या सुरीला ते लावू नये.

मुठींचा प्रश्न

पात्याला कोरडी हवा हवी आणि मुठीला ती नको, ही या विषयातील खरी अडचण आहे. लोखंडासाठी आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असणे इष्ट. पण हस्तिदंत, हाड, शिंग आणि लाकूड यांना एवढ्या कोरड्या हवेत तडे जातात. अशा मुठी असलेली पाती ४५ ते ५० टक्क्यांच्या स्थिर आर्द्रतेत ठेवून पात्यावर मेणाचा लेप देणे ही तडजोड बहुतेक ठिकाणी मान्य झालेली आहे. आकड्यापेक्षा तो स्थिर असण्याला महत्त्व अधिक.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक खिशातील चाकूंच्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात. कासवाच्या पाठीसारख्या किंवा शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या या मुठी कालांतराने विघटित होऊन नायट्रोजनची आम्लकारी ऑक्साइडे बाहेर टाकतात. त्यामुळे तोच चाकू नव्हे, तर त्याच पेटीतील शेजारचे सगळे चाकू गंजतात. मूठ आकसलेली, चिरलेली किंवा आंबट-उग्र वासाची वाटली की तो चाकू ताबडतोब वेगळा काढून हवेशीर जागी ठेवावा. सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही आहे.

परंपरेतील देखभाल

मराठी राजवटीत शस्त्रागाराला शिलेखाना म्हणत, आणि पाती घासून-उजळून देणाऱ्या कारागिरांना शिकलगार. शस्त्रे नित्य वापरात असत तेव्हा त्यांची देखभालही नित्य होई. आता घरातील शस्त्र वर्षातून एकदा, आश्विन शुद्ध नवमीला म्हणजे खंडेनवमीला किंवा दसऱ्याला, बाहेर निघते. पावसाळा संपता संपता येणारा हा दिवस पात्यांच्या तपासणीलाही अगदी योग्य आहे. पूजेच्या निमित्ताने पात्यावर पाणी, हळद-कुंकू, अक्षता, फुले आणि क्वचित दह्या-दुधाचे थेंबही पडतात. तसेच शस्त्र सायंकाळी म्यानात घातले तर पुढच्या दसऱ्याला पाते बाहेर निघेलच याची खात्री नसते. पूजेनंतर दुसऱ्या दिवशी ते कोरड्या कापडाने, मग स्पिरिटने पुसून नवा लेप द्यावा. ज्यांना शक्य असेल त्यांनी गंधाक्षता मुठीवर किंवा खालच्या वस्त्रावर वाहाव्यात. पूजेत त्याने काही उणे पडत नाही.

घरगुती अवजारांचाही संग्रह होऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर यांनी जमवलेले नानाविध घाटांचे अडकित्ते तेथे आहेत. पितळी अंग आणि पोलादी पाते अशा मिश्र धातूंच्या अडकित्त्यांना वर सांगितलेला दोन धातूंचा नियम लागू पडतो.

चढलेला गंज

प्रत्येक डाग हा रोग नसतो. कैरी किंवा चिंच कापल्याने विळीवर येणारा करडा-काळपट थर, तसेच जुन्या पात्यावरील घट्ट, गडद तपकिरी थर स्थिर असतो आणि काही अंशी संरक्षणही करतो. तो तसाच राहू द्यावा. नारिंगी, बोटाला भुकटी लागणारा गंज मात्र सक्रिय असतो. जपानी तलवारीच्या मुठीआड दडलेल्या भागावरील गंज तर मुद्दाम राखला जातो, कारण त्यावरून तज्ज्ञ तलवारीचा काळ ठरवतात.

सक्रिय गंजाचे लहान ठिपके खनिज तेलात काही तास भिजू देऊन, मऊ लाकडाच्या किंवा बांबूच्या काडीने हळूहळू खरवडावेत. विटेची भुकटी, राख आणि पॉलिश कागद यांनी पाते चकचकीत होते, पण मूळ पृष्ठभाग जातो. चिंच व लिंबू ही पितळेची औषधे आहेत. लोखंडावर लावल्यास आम्ल सांध्यांत शिरून राहते आणि गंज पुन्हा उमटतो. म्यानात अडकलेले पाते जोर लावून ओढू नये. जमिनीतून मिळालेल्या पात्यात क्लोराइड खोलवर मुरलेले असते आणि त्यावर पिवळसर थेंब फुटताना दिसतात. अशा वस्तूवर घरी कोणताही प्रयोग न करता ती प्रशिक्षित संवर्धकाकडे द्यावी.

कायदेशीर बाजू

शंभर वर्षांहून जुनी कट्यार किंवा खंजीर भारतात पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ खाली पुरावशेष ठरू शकतो आणि तो परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक वापराच्या नसलेल्या, ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांच्या वर्गात मोडतात. संग्रहाची नोंदवही ठेवताना पात्याची लांबी-रुंदी, वस्तू कोठून आली, शेवटचा लेप कोणत्या तारखेला व कशाचा दिला आणि त्या वेळी कोणते डाग होते, हे लिहून त्यासोबत छायाचित्र लावल्यास पुढच्या वर्षी डाग वाढला की तेवढाच राहिला, हे ठरवता येते.